पदवीदानाचा काळा गाऊन, ती चौकोनी टोपी आणि एक सेफ्टी पिन

लिंबूटिंबू (शनिवार, रात्री १०:४०)

परवा भाचीच्या पदवीदानाला गेले होते. उपनगरातलं एक कॉलेज, हॉल खचाखच, एसी नावापुरता. पोरीने आमच्या आईची इरकली नेसलेली, वर भाड्याचा काळा गाऊन, गळ्यात ते रंगीत अस्तराचं हूड आणि डोक्यावर चौकोनी टोपी. घरून निघताना आई म्हणाली, "गाऊन घालून स्टेजवर जायचं? लोक काय म्हणतील!" तिच्या डोळ्यांसमोर दुपारी दूधवाल्याला दार उघडतानाचा फुलाफुलांचा गाऊन होता. तिला समजावण्यात आमची बोरिवली लोकल सुटली.

पण खरी गंमत पुढे. ते हूड जागेवर राहीना. पाठीमागे जड, त्यामुळे पुढची पट्टी गळ्यात रुतायची आणि पोरगी दर दोन मिनिटांनी ती खाली ओढायची. पट्टीला पुढे एक बारीकसा गोफ होता, दोऱ्याचा. तो कशाला, कुणालाच ठाऊक नाही. बाजूच्या मुलाने मात्र तो सरळ शर्टच्या बटणात अडकवला आणि निवांत बसला. साडीला बटण कुठून आणायचं? शेवटी मी बांगडीतली पिन काढून दिली. तेवढ्यात मागच्या रांगेतून तीन मुली आल्या, "मावशी, अजून आहे का?"

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. हा वेष मुळात कुणाचा? मुंबईच्या उकाड्यात काळा झगा हे कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं? आणि या सगळ्याला काही अर्थ आहे, की नुसतं फोटोपुरतं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बटाटेभात (शनिवार, रात्री १०:५२)

अर्थ आहे ना. डिपॉझिट पाचशे, भाडं वेगळं, टोपीचा गोंडा हरवला तर डिपॉझिट जप्त. 😀

काळा घोडा (शनिवार, रात्री ११:३५)

लिंबूटिंबू, तुमच्या गोफातच निम्मं उत्तर आहे. हा वेष ज्यांच्यासाठी शिवला त्यांच्या अंगात बटणांचा झगा असायचा. म्हणजे ते पुरुष होते, आणि बहुतेक पाद्री होते.

जरा मागे जाऊ. बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड ही विद्यापीठं बाराव्या-तेराव्या शतकात उभी राहिली. तिथले शिकणारे आणि शिकवणारे चर्चच्या छत्राखालचे. बऱ्याच जणांच्या डोक्यावर तासलेलं टक्कल असायचं. दगडी इमारती, शेकोटीची सोय तुटपुंजी, उत्तरेकडची थंडी. मग अंगभर लोकरी झगा आणि डोकं-खांदे झाकायला टोपरं हे ओघाने आलंच. १२२२ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप स्टीफन लँग्टन याने ऑक्सफर्डच्या धर्मसभेत धर्मसेवकांनी पुढून बंद असलेला लांब झगा घालावा असा नियमच केला. 'काप्पा क्लाउजा' म्हणत त्याला. विद्यापीठातली मंडळीही त्याच पंगतीतली, त्यामुळे तो त्यांनाही लागू.

गंमत अशी की हूड त्या काळी खास विद्वानांचं मुळीच नव्हतं. शेतकरी, व्यापारी, सगळेच ते डोक्यावर घ्यायचे. आपल्याकडे पावसात भात लावताना इरलं घेतात ना, तसं कामाचं कापड. पुढे बाहेरच्या जगाची फॅशन बदलली, लोकांनी हूड सोडून टोप्या घेतल्या. विद्यापीठाने मात्र सोडलं नाही. डोक्यावरचं हूड घसरत पाठीवर आलं, त्याला रेशमी अस्तर लागलं, आणि पुढे कुठल्या विद्यापीठाचा, कुठल्या शाखेचा हे त्या अस्तराच्या रंगावरून ओळखू लागले. थंडीचं कापड असं आपसूक बिल्ला होऊन बसलं. कुणी एक दिवस बसून 'ज्ञानाचं प्रतीक काय करावं बरं' असा विचार केलेला नाही.

तुमच्या भाचीला टोचत होतं ते हेच. ते मुळात टांगण्यासाठी नव्हतंच, डोक्यावर ओढण्यासाठी होतं.

सुकेळी (रविवार, सकाळी ७:१५)

वसईहून लिहितेय. टोपीबद्दल थोडं आमच्याकडून.

माझ्या आजीचे एक काका फादर होते. त्यांची बिरेटा आमच्या माळ्यावरच्या पेटीत कित्येक वर्षं होती. काळी, ताठ, वर तीन उभे कंगोरे आणि मध्ये लोकरीचा गोंडा. लहानपणी आम्ही ती घालून फादर-फादर खेळायचो आणि मार खायचो. तर ही बिरेटा आणि पदवीची चौकोनी टोपी सख्ख्या नाही तरी चुलत बहिणी. पूर्वी मऊ गोल टोपी असायची. ती चार तुकडे जोडून शिवायचे, त्या शिवणी हळूहळू वर चिमटीत धरल्यासारख्या उभ्या राहिल्या. चर्चमध्ये त्या शिवणींचे कंगोरे झाले. विद्यापीठात वरचा भाग पसरत पसरत सपाट चौकोन झाला आणि खाली डोक्याला घट्ट बसणारी छोटी टोपी जोडली गेली. कंगोऱ्यांतही भेद आहे बरं का. साध्या फादरना तीन, धर्मशास्त्राच्या डॉक्टरना चार.

इंग्रजीत तिला मॉर्टरबोर्ड म्हणतात ते तर थेट गवंडीकामातून. गवंडी एका हातात चौकोनी फळी धरून तिच्यावर कालवलेला चुना घेतो, ती फळी. शिकलेल्यांच्या डोक्यावर गवंड्याची फळी, छान ना?

फॉरवर्डेड अ‍ॅज रिसीव्ह्ड (रविवार, सकाळी ९:०२)

आमच्या ग्रुपवर वेगळंच आलं होतं. स्पेनमधले अरब विद्वान डोक्यावर धर्मग्रंथ ठेवायचे, त्यावरून ती चौकोनी टोपी, आणि गोंडा म्हणजे वाचनखूण. खरं की खोटं?

काळा घोडा (रविवार, सकाळी ९:४०)

तुमच्या आयडीतच उत्तर आहे. 🙂 अरबी विद्येचं युरोपवर ऋण मोठं आहे, वैद्यक, गणित, खगोल सगळीकडे. त्यासाठी टोपीची गोष्ट रचायची गरज नाही. सुकेळीताईंनी सांगितला तो मऊ गोल टोपीपासूनचा प्रवास टप्प्याटप्प्याने झालेला आहे. टोपी सपाट चौकोनी झाली तोवर स्पेनमधली अरब राज्यं केव्हाच संपली होती, १४९२ ला ग्रॅनाडा पडलं. पुस्तकाचा आकार नंतरच्या लोकांना दिसला.

गोंड्याचीही एक खरी गोष्ट आहे आणि ती जास्त मजेशीर आहे. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये उमरावांच्या पोरांच्या टोपीला सोनेरी गोंडा असायचा, बाकीच्यांना काळा. मग सोनेरी गोंडा दिसला की त्याच्यामागे लाळघोटेपणा करत फिरणारेही आले. इंग्रजीत अशांना 'गोंड्याचे शिकारी' अशा अर्थाचा शब्दच आहे. आपल्याकडे गोंडा घोळतात, तिकडे गोंड्यामागे धावतात.

काजंबटण (रविवार, दुपारी २:२०)

मी वाचनमात्र असतो, पण आज राहवलं नाही. आमचे वडील लालबागला शिवणकाम करायचे. डिसेंबर ते मार्च गाऊनची ऑर्डर असे, एका सप्लायरकडून. घरात काळ्या कापडाचे तागे, आणि आम्ही भावंडं धागे तोडायला.

बघणाऱ्याला गाऊन म्हणजे काळी गोणी वाटते. खरं काम पाठीवर असतं. खांद्याला एक ताठ योक, आत कॅनव्हास. त्या योकला खालचं सगळं कापड बारीक बारीक चुण्या घालून जोडायचं. चुण्या एकसारख्या, एकमेकींना चिकटून, बाजाच्या पट्ट्यांसारख्या उभ्या. वडील दोन समांतर दोरे हाताने घालायचे आणि दोन्ही एकदम ओढून चुण्या पाडायचे. मशीनवर ते जमत नाही म्हणायचे. हल्ली भाड्याचे जे मिळतात त्यात चार प्लेटा मारून मोकळे होतात, कापड पॉलिस्टर, म्हणून घाम फुटतो. सुती किंवा हलक्या लोकरीचा गाऊन चुण्यांमुळे पाठीपासून सुटा राहतो, वारा खेळतो.

बाह्यांचंही सांगतो. पहिल्या पदवीच्या गाऊनची बाही रुंद, उघड्या तोंडाची. मास्टरची बाही लांब आणि खालून बंद, हात बाहेर काढायला कोपराजवळ चीर. खालचा बंद भाग नुसता लोंबतो. आम्हाला वाटायचं, त्यात डबा ठेवतात. वडिलांना एकदा विचारलं तर म्हणाले, "आतलं रिकामं असलं तरी शिलाई पक्की पाहिजे." विनोद केला की सहज बोलले, आजवर कळलेलं नाही.

टोपीत पुठ्ठा. पावसात भिजली की पापड.

लिंबूटिंबू (रविवार, दुपारी ३:०५)

काजंबटण, काय सुरेख लिहिलंत! वाचनमात्र राहू नका हो. तो पुढचा गोफ तुमचे वडीलही लावायचे का?

काजंबटण (रविवार, दुपारी ३:३०)

लावायचे तर! पण हूडची ऑर्डर कमी असे. मुलींसाठी वेगळं काही करा असं कुणी सांगितल्याचं आठवत नाही.

डॉ. घामाघूम (रविवार, संध्याकाळी ६:१८)

धागा आवडला, पण मला मूळ प्रश्न विचारायचाय: हे अजून का घालतोय आपण? माझ्या पदवीदानाला मी गाऊनखाली शर्ट पिळून काढण्याच्या स्थितीत होतो. २०१० मध्ये तेव्हाचे काँग्रेसचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी भोपाळला वनव्यवस्थापन संस्थेच्या दीक्षान्त समारंभात भर मंचावर गाऊन काढला आणि वसाहतवादाचा रानटी अवशेष अशा शब्दांत त्याची संभावना केली. २०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने समारंभाचे वेष हातमागाच्या कापडाचे करा असं विद्यापीठांना कळवलं. ऑगस्ट २०२४ मध्ये आरोग्य मंत्रालयाने एम्ससह केंद्राच्या संस्थांना काळा झगा-टोपी सोडून आपापल्या राज्याच्या परंपरेतला वेष ठरवायला सांगितलं. म्हणजे पक्ष कुठलाही असो, या एका मुद्द्यावर एकमत! मग घोडं अडलंय कुठे?

आणि आपल्याकडे स्वतःचं काही नाही असंही नाही. समावर्तन होतं. 'सत्यं वद, धर्मं चर, स्वाध्यायान्मा प्रमदः' हा तैत्तिरीय उपनिषदातला निरोपाचा उपदेश आजही कितीतरी दीक्षान्त समारंभांत म्हणतात. विद्या पुरी झाली की शिष्य विधिपूर्वक स्नान करायचा, म्हणून तो 'स्नातक'. मग नवी वस्त्रं, पादत्राणं, छत्री, काठी. आपली सोडमुंज ती हीच. मुंबईच्या हवेला छत्री आणि चपला जास्त उपयोगी, नाही का?

बटाटेभात (रविवार, संध्याकाळी ६:३१)

आणि काशीला निघालेल्या स्नातकाला मामा अडवणार, "परत फीर, मुलगी देतो." प्लेसमेंटची हमी आहे बघा. 😀

पहिली पिढी (रविवार, रात्री ९:४७)

डॉक्टर, तुमचा घाम मान्य. पण 'आपल्याकडे' म्हणताना कोण कोण धरलंत? सोडमुंज व्हायला आधी मुंज व्हावी लागते. माझ्या आजोबांची झाली नाही, होणारही नव्हती. आजीचा तर प्रश्नच नाही.

आमच्या चाळीत ज्या घरात जावं तिथे भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. कुठे सुटाबुटात, कुठे गाऊनमध्ये. ५ जून १९५२ ला कोलंबिया विद्यापीठाने त्यांना एलएल.डी. दिली, त्या वेळचा झगा घातलेला फोटो सगळ्यांच्या ओळखीचा. माझी आई निरक्षर होती. तिला कोलंबिया माहीत नव्हतं, तो झगा माहीत होता. मी बी.ए. झालो तेव्हा निकालाचा कागद तिने डबीत ठेवला. गाऊनमधला फोटो मात्र चौकट करून लावला, त्यांच्या फोटोच्या बाजूला, चार बोटं खाली. चार बोटं तिने स्वतः मोजली होती.

झगा पाद्र्यांचा होता, साहेबाचा होता, सगळं खरं. आमच्या घरात तो साहेबाकडून आलेला नाही.

काळा घोडा (रविवार, रात्री १०:२९)

पहिली पिढी, थांबून दोनदा वाचलं.

एक भर घालतो, थोडी तुमच्या बाजूने, थोडी विरोधात. गाऊनमुळे सगळे सारखे दिसतात असं म्हणतात. जुन्या ऑक्सफर्डमध्ये नेमकं उलट होतं. उमरावाच्या मुलाचा गाऊन वेगळा, पैसे भरून शिकणाऱ्याचा वेगळा, आणि श्रीमंतांची कामं करून शिकणाऱ्या गरीब पोराचा आणखी वेगळा. लांबून दिसलं की कळावं, कोण ते. म्हणजे समानता कापडात शिवलेली नव्हती.

मुंबईत आल्यावर मात्र निदान एवढं झालं की एका पदवीला एक गाऊन. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. १८६२ मध्ये बी.ए. झालेली पहिली तुकडी फक्त चौघांची: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. तेव्हा विद्यापीठाला स्वतःची इमारतही नव्हती, कारभार टाऊन हॉलमधून चाले. सर कावसजी जहांगीर हॉल १८७४ चा. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा, जो मुंबईत कधी आलाच नाही. त्या हॉलमध्ये गेलात तर वरची गोल रंगीत काचेची खिडकी जरूर पाहा, बारा राशी आहेत तिच्यावर. साहेबाने मध्ययुगीन युरोपची हुबेहूब नक्कल अरबी समुद्राच्या काठी उभी केली: इमारत गॉथिक, झगा गॉथिक. (त्या आवारात उन्हातून आत शिरलं की पहिली दोन मिनिटं काही दिसत नाही, नुसता गारवा लागतो. तेवढ्यापुरता मला लोकरी झग्याचा तर्क पटतो.)

सुकेळी (सोमवार, सकाळी ७:४०)

आणि बायकांचं? कॉर्नेलिया सोराबजी १८८० च्या दशकात मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. मग ऑक्सफर्डला जाऊन १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली, पण पदवी नाही. ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला सुरुवात केली १९२० मध्ये, केंब्रिजने तर १९४८ मध्ये. ज्यांचा झगा ते मागे, ज्यांनी उसना घेतला ते पुढे.

आनंदीबाई जोश्यांचा १८८५ चा फिलाडेल्फियातला फोटो आठवतोय? शेजारी एक जपानी आणि एक सिरियन विद्यार्थिनी, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात, आनंदीबाई साडीत. पुढच्या वर्षी त्या डॉक्टर झाल्या. त्या फोटोत गाऊन नाही म्हणून काही उणं वाटत नाही.

डॉ. घामाघूम (सोमवार, सकाळी ८:५५)

पहिली पिढी, तुमच्या आईंनी मोजलेली चार बोटं वाचून मी कालचा सूर खाली घेतो. 'आपल्याकडे' हा शब्द मी सैल वापरला. कापड बदला, मापं बदला, पण काढून टाका असं आता नाही म्हणणार. निदान मे महिन्यात समारंभ ठेवू नका एवढं तरी?

पहिली पिढी (सोमवार, सकाळी ९:२०)

त्याला माझं पूर्ण अनुमोदन. आई हयात असती तर तीही म्हणाली असती, "केवढा घामेजलाय पोरगा फोटोत."

कोर्टाची पायरी (सोमवार, दुपारी १:१०)

वकिली अवांतर: आमच्याकडे गाऊन रोजचाच. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयातच तो सक्तीचा, खालच्या कोर्टांत ऐच्छिक. त्यामुळे हायकोर्टाच्या जिन्यावर काखेत गाऊनची गुंडाळी घेऊन धावणारे दिसतात, आणि बोर्डावर मॅटर पुकारलं की एका हातात फाईल, दुसरा हात बाहीच्या शोधात. आठ वर्षांत माझ्या गाऊनचा काळा रंग शेवाळी झालाय. ज्युनियर म्हणतात, मॅडम नवीन घ्या. सिनियर म्हणतात, आता कुठे वकील दिसायला लागलीस.

पदवी शब्दाचीही गंमत सांगते. डिग्री ज्या लॅटिन शब्दावरून आली त्याचा अर्थ पायरी. आपल्या 'पदवी'चाही मूळ अर्थ वाट, पावलांची वाट. दोघांनी आपापल्या बाजूने जिनाच चढलाय.

सातवीण (सोमवार, दुपारी ४:३३)

विश्वभारतीचा उल्लेख कसा नाही आला? शांतिनिकेतनात दीक्षान्त समारंभात छातिमची पानं द्यायची परंपरा आहे, सात पानांचा झुबका. छातिम म्हणजे आपली सातवीण. पावसाळा सरला की मुंबईत रात्री रस्तोरस्ती जिचा वास डोकं उठवतो, तीच. तिच्या शास्त्रीय नावात 'स्कॉलॅरिस' आहे, कारण तिच्या लाकडाच्या पूर्वी पाट्या करत. झगा नाही, टोपी नाही, एक पान. मला हा प्रकार सगळ्यात आवडतो. (माझा आयडी बघून पक्षपात समजू नये. समजलात तरी हरकत नाही.)

बटाटेभात (सोमवार, दुपारी ४:५०)

आमच्या मुलाचं सिनियर केजीचं 'ग्रॅज्युएशन' झालं मार्चमध्ये. गाऊन, टोपी, गोंडा, सगळं. टोप्या हवेत फेकायला लावल्या, कारण सिनेमात तसं करतात. एक टोपी पंख्यात गेली, पुठ्ठ्याचे तुकडे मुख्याध्यापिकेच्या चहात. पोरगं विचारतंय, आता पहिलीत जायचं की नोकरीला?

काळा घोडा (सोमवार, संध्याकाळी ५:२०)

टोप्या फेकण्याचा मान अमेरिकेच्या नौदल अकादमीकडे जातो, १९१२. त्या वर्षी पास होणाऱ्यांना अधिकाऱ्यांच्या टोप्या आधीच मिळाल्या होत्या, म्हणून विद्यार्थीदशेतल्या टोप्या त्यांनी उडवून दिल्या. त्यांच्या टोप्या स्वतःच्या होत्या. आपल्या भाड्याच्या आहेत, वर डिपॉझिट अडकलेलं.

लिंबूटिंबू (सोमवार, रात्री १०:१५)

सगळ्यांचे आभार. आज आईला धागा वाचून दाखवला. पाद्री, गवंडी, उमराव सगळं ऐकून घेतलं. 'चार बोटं' आली तिथे म्हणाली, "परत वाच."

मग भाचीचा फोटो मागून घेतला, चष्मा लावून निरखला आणि म्हणाली, "इरकलीचा काठ सगळा झाकला गेलाय की!" आता तिचं म्हणणं, गाऊन परत करायच्या आधी पुढून उघडा ठेवून आणखी एक फोटो काढायचा. दुकानदार बुधवारपर्यंत थांबायला तयार आहे.

काजंबटण, एक विचारायचं होतं. तो गोफ न कापता आतून टिचबटण लावता येईल का? म्हणजे ब्लाउजला एक आणि पट्टीला एक?

काजंबटण (सोमवार, रात्री १०:४१)

येईल, पण भाड्याच्या हूडला लावू नका, ते डिपॉझिट कापतील. ब्लाउजच्या गळ्याशी आतून एक छोटं साधं बटण टाका, गोफ त्यात अडकवा. फोटो झाला की उसवून टाका, पाच मिनिटांचं काम. दोरा डबल घ्या.